कास्टिक, मीठ आणि नलूची जीभ

"हात पाह्य माहे! पाह्य, नले! साबन इकून राह्यली का तेजाब?"

"आवाज खाली कर, ताने. गल्ली जमा झाली."

"होऊ दे जमा! पाहू दे साऱ्याइले!"

तानाबाईने दोन्ही पंजे नलूच्या नाकासमोर धरले होते. पेरांवरची साल निघाली होती आणि तळवे अंबाडीच्या बोंडासारखे लाल झाले होते.

"माहा साबन चावत नाई," नलू म्हणाली. "आजवर कोनाले चावला? तूच ब्लिचिंग टाकलं असशीन."

"कोळशाच्या कपड्याले कोन ब्लिचिंग टाकते व बाई? खानीच्या मेसचं धुनं मी धुतो का तू धुते?"

"मंग उन्हानं फुटले असतीन हात."

"ऊन काय फक्त पंज्याले लागते? तोंड तं साबूत हाय माहं!"

"ते तं दिसूनच राह्यलं," नलू म्हणाली. गल्लीत कोणीतरी खिदळलं.

नलूने ओट्यावरची एक वडी उचलली, चाकूने तिचा नखाएवढा कपचा काढला आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवला. डोळे मिटले. देवाच्या नव्हे, डॉक्टरच्या थाटात. मग कपचा थुंकून टाकला.

"काई नाई. कास्टिक जास्त राह्यलं असतं तं जिभेले झटका बसला असता. माही जीभ खोटी बोलत नाई, ताने."

"तुही जीभ लय बोलते. पन मंग माहे हात खोटे बोलून राह्यले का?"

तानाबाईने पदरातल्या उरलेल्या वड्या धडाधड ओट्यावर टाकल्या. "घे. हात बरे होत नाई तवरक मेसचं धुनं तू धू. नाई तं मी साऱ्या कॉलनीत सांगतो, नलूच्या साबनानं माहे हात जाळले. मंग इकजो आपला साबन आपल्याच घरी." आणि ती तरातरा निघून गेली.

वणीच्या खाणींच्या आसपास राहणाऱ्या बाईला धुण्याबद्दल कोणी काही शिकवायला जाऊ नये. कोळशाची धूळ कापडावर बसत नाही, ती तिथं बिऱ्हाड करते. नलूचा नवरा डोमाजी खाणीत कामाला. त्याच्या एका शर्टात बाजारातली अर्धी वडी विरघळून जायची आणि शर्ट पुन्हा जसाच्या तसा काळा. "तुमी कोळसा काढता का कोळसा तुमाले काढते?" असं नलू त्याला विचारायची. डोमाजी हसायचा. त्याचे दात तेवढे पांढरे दिसायचे.

ती स्वतः तेव्हा तेलाच्या मिलमध्ये सरकी उपसायला जायची. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. खरेदी उशिरा सुरू व्हायची, जिनिंग लवकर बंद पडायचं आणि जिनिंग बंद म्हणजे सरकी बंद, सरकी बंद म्हणजे बायांनी घरी बसायचं. एकदा असंच "उद्यापासून येऊ नका" झालं, तेव्हा मिलच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तिला तेलाखाली बसलेल्या गादीचा, म्हणजे चिकट गाळाचा, एक डबा भरून दिला. "फेकतोच आपन हे. याचा साबन होते, बाई."

मिस्त्रीने तिला दोन गोष्टी शिकवल्या. कास्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कास्टिकवर ओतायचं नाही, नाहीतर ते उकळून तोंडावर येतं. आणि वडी झाली की नाही ते जिभेला विचारायचं. तिसरी गोष्ट सांगायला तो विसरला. नलूने पहिला साबण जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मांडला. गंज फसफसला, धुरकट झाला आणि सकाळी त्याच्या बुडातून चुलीतली राख दिसू लागली. डोमाजी गंजातून तिच्याकडे बघत म्हणाला, "साबन केला का गंज खाल्ला व?" तेव्हापासून लोखंडाची कढई.

त्या तपकिरी, ओबडधोबड वडीने मात्र कॉलनीत नाव काढलं. बुद्धपौर्णिमेला विहारात बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात. कोळशाच्या गावात पांढरी साडी पांढरी राहणं ही काही साधी गोष्ट नाही. रांगेत बसलेल्या त्या साड्यांकडे बघत नलू पाठीमागे उभी राहायची, हात कमरेवर, जणू बुद्धवंदना तिच्या साबणावर चालली आहे.

सून आली, उर्वशी. बारावी सायन्स. पहिल्याच आठवड्यात तिने कास्टिकच्या पिशवीवर बोट ठेवून सांगितलं, "आई, हे सोडियम हायड्रॉक्साइड होय. मिठापासून बनते."

"कोनत्या मिठापासून?"

"आपल्या भाजीतल्याच. मिठाच्या पाण्यात करंट सोडतेत कारखान्यात."

नलूने मिठाच्या बरणीकडे नव्याने पाहिलं. "मीठ चांगल्या घरचं, अन् पोट्टं असं बदमाश निघालं?"

"भज्यातला सोडाही सोडियमचाच. धुन्याचा सोडाही. मामाजींले खानीवर ऊन लागलं तवा दवाखान्यात सलाईन लावलं, त्यातही मीठच होतं."

"म्हनजे खायले तेच, धुवाले तेच, अन् माह्या गंजाले भोक पाडलं तेही तेच." नलूला हे फार आवडलं. पुढे कित्येक दिवस ती गिऱ्हाइकांना वडी देताना सांगायची, "सोडियम हाय त्यात. सलाईनवालं."

नलूचं दुसरं प्रेम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी कमरेला खोचलेली नसली तर तिला लुगडं नेसल्यासारखंच वाटायचं नाही. गालात खर्रा, कढईत साबण आणि हातात लाकडी दांडा, असं तिचं राज्य चालायचं.

तानाबाई गेली तशी उर्वशी दारातून पुढे आली.

"त्याइचे हात खरंच पोळले, आई."

"तूही तिच्याकडूनच?"

"मी कोनाच्याच कडून नाई. वडी पाहू द्या." तिने स्वयंपाकघरातून हळद आणली, ओली केली, वडीवर बोट फिरवलं. हळद लालभडक झाली. "हे पाहा! कास्टिक!"

नलू शांतपणे उठली. आत जाऊन आधीच्या खेपेची जुनी वडी घेऊन आली. तिच्यावर हळद लावली. तीही लाल. मग बाजारातल्या वडीवर लावली. तीही लाल.

"हळदीले तं सारेच चोर दिसते," नलू म्हणाली. "असा पोलीस कोन ठेवते?"

उर्वशीचं तोंड एवढंसं झालं. पण मुलगी हट्टी. तिने चाकू उचलला, तानाबाईने टाकलेल्या वडीचा कपचा काढला आणि नलू "अव, थांब" म्हणेपर्यंत जिभेच्या शेंड्याला लावला.

ती ओरडलीच. माठाकडे धावली आणि गडव्यामागून गडवा पाणी तोंडात घेऊन थुंकत राहिली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. जिभेचा शेंडा पांढुरका पडला होता.

नलूने तोच कपचा उचलून जिभेवर ठेवला. वाट पाहिली. आणखी वाट पाहिली.

काहीच नाही. नुसता साबणाचा बुळबुळीतपणा.

"आई," उर्वशी जीभ सांभाळत म्हणाली, "खर्र्यात चुना असते. रोज चुना खाऊन जीभ मेली तुमची. तिले झटका समजतच नाई."

नलू ओट्यावर बसून वडी हातात फिरवत राहिली. जीभ मेली असेल तर असो. पण माप तर तेच होतं. गादीचा एक डबा, कास्टिकचा एक लोटा. हात चुकला नव्हता. मग जास्तीचं कास्टिक आलं कुठून?

आणि मग तिला आठवलं. या खेपेची गाद. मिलमधून डबा आणताना ती कोपरापर्यंत माखली होती. दरवेळी ते तेल काढायला राख लागते, माती लागते. या वेळी नळाखाली हात धरला आणि सगळं फेस होऊन निघून गेलं. तिला उलट बरंच वाटलं होतं. चांगली गाद भेटली म्हणून ती मिलवाल्याला दुवा देत घरी आली होती.

"उर्वशे. मिलमध्ये नवीन मशीन बसवली नं यंदा?"

"तेल साफ करायची. हो."

"तेल साफ करतेत कायनं?"

उर्वशीने तोंडावर हात ठेवला. "कास्टिकनं!"

"म्हनजे त्या गादीत पह्यलेच कास्टिक पडलं होतं. अर्धा साबन तिकडेच झाला होता. अन् म्या त्याच्यावर पुरा लोटा ओतला." नलूने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या क्षणी पदर खोचला. "चूल पेटव."

"काय करता?"

"मिठाच्या त्या बदमाश पोट्ट्याले त्याच्या मायकडूनच आवरतो. मीठ आन. जाडं. सारं आन."

साऱ्या वड्या किसून कढईत गेल्या. वरून पाणी. साबण पातळ झाला, तसं नलूने मिठाचं दाट पाणी करून थोडं थोडं ओतायला सुरुवात केली. कढईतला लगदा आधी फाटला, दुधासारखा. उर्वशी घाबरली. नलू दांडा फिरवत राहिली. मग साबणाचे गोळे दह्याच्या कवडीसारखे वर येऊन तरंगू लागले आणि खाली तपकिरी पाणी उरलं.

"साबनाले मिठाचं पानी सहन होत नाई, तो वर पळते," नलू म्हणाली. "जास्तीचं कास्टिक त्या पान्यात राह्यते. मिस्त्रीनं दाखवलं होतं एकदा. तवा मले वाटलं, कायले पाह्यजे."

खालचं पाणी तिने लांब, झाडं नाहीत अशा खड्ड्यात ओतलं. साबण पुन्हा मिठाच्या पाण्यातून काढला. मग साच्यात.

सकाळी वड्या घट्ट झाल्या होत्या, आधीपेक्षा उजळ. नलूने एक वडी उचलून नाकाशी धरली, उन्हात फिरवली, बोटाने टकटक केलं. कॉलनीतली सर्वांत देखणी वडी. तिने कमरेची पुडी काढली, सवयीने गालात खर्रा भरला, आणि चाकू उचलला.

"थांबा," उर्वशी म्हणाली. "मी चाखतो."

"काल जीभ जाळून घेतली, हौस नाई फिटली?"

"जिवंत हाय म्हनून जळली नं माही." ती पुढे आली. तिने कपचा काढला, अगदी बारीक, आणि जिभेच्या कडेला लावला. नलू तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा हलला नाही. उर्वशीने सावकाश कपचा थुंकला, चूळ भरली, आणि हसली.

"झाला साबन."

"म्या सांगतलंच होतं."

"तुमी नाकानं सांगतलं होतं. आई, आता एक सांगा. खर्रा सोडता का चाखनं सोडता?"

"दोन्ही माहेच हाय."

"तसं नाई चालनार. पुढची खेप आली, गाद आनखी बदलली, अन् तुमची जीभ 'काई नाई' म्हनली तं? तानाबाईचे हात पुन्हा? विहारातल्या बायांचे?"

नलूने गालातला खर्रा डाव्या बाजूचा उजव्या बाजूला नेला.

"साबन तुमचा राहीन," उर्वशी म्हणाली. "नाव तुमचं राहीन. मी फक्त जीभ द्यायची म्हनतो. नाई तं खर्रा आत्ता थुका, महिन्याभरात जीभ परत येते का पाहू. काय करता? बोला नं."

समोरच्या गल्लीत तानाबाईच्या दारात मेसच्या कपड्यांचं काळंकुट्ट बोचकं कालपासून तसंच पडलं होतं.

नलूने चाकू उर्वशीच्या हातात ठेवला. नवी वडी घेतली. बाह्या कोपराच्या वर सारल्या, बादली उचलली आणि तानाबाईच्या दाराकडे चालू लागली.

"आई! बोला नं!"