वाल्मिकचा डावा पाय

शेजारच्या उषाबाईचं नवऱ्याशी, वाल्मिकशी, जुनं भांडण मी सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या घराच्या भिंतीआडून ऐकलं होतं. "क्लच दाबून गुडघा गेला तुमचा! विका ती पिकअप!"

"क्लच काढीन, गाडी विकणार नाही!" वाल्मिक ओरडला.

गॅरेजच्या कारागिरानं काम रखडवलं, पण शेवटी भंगारातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. आता डाव्या पायाला काम नव्हतं, पण त्या पायाला सांगणार कोण? तो क्लच समजून ब्रेकच दाबी. मागे कापडाचे तागे कोसळत, मागचे गाडीवाले शिव्या देत, अन् वाल्मिक स्वतःच्याच पायाला.

शेवटी उषाबाईनं जुन्या साडीच्या पट्टीनं तो पाय सीटला बांधला. "आता दाबा बघू!"

वाल्मिक पुटपुटत निघाला आणि दिवसाची शेवटची खेप एकही तागा न पाडता पलसाणा गावी टाकून आला.