पत्र्यावर पाला, हातात काडीपेटी

मंडळी, आजचीच गोष्ट लगेच लिहितोय.

आष्ट्याच्या आमच्या घरात वरच्या खोलीवर पत्रा आहे. तिथं बायको आणि दीड महिन्याची लेक झोपतात. गारव्यासाठी आठवडाभर सांगलीतली दुकानं पालथी घातली. थर्माकोल स्वस्त, पण गारवा बेताचा. आत फोम भरलेलं पफ पॅनल झकास, पण भाव ऐकूनच घाम फुटला.

फौजेतून रिटायर झालेले आमचे आप्पा म्हणाले, "आरं, उसाचा पाला टाक की पत्र्यावर. फुकट हाय आन लय गार."

टाकला. खोली खरंच गार झाली. मी खूश.

आज दुपारी घरामागं तोडणी झालेल्या उसाच्या फडातलं पाचट, म्हणजे तोच वाळका पाला, पेटवलं. दरवर्षी पेटवतो, तसंच. वारा फिरला आणि पेटती पानं उडून थेट आमच्या पत्र्यावर!

"पोरीला खाली आण आदी!" आप्पा ओरडले आणि शिडीवर चढले. मी दोघींना खाली आणेपर्यंत त्यांनी धुमसणारा पाला काठीनं खाली ढकलला होता.

"काडी कुणी लावली रं?" आप्पांनी विचारलं.

"मीच."

दुकानादुकानांत मी भाव विचारला, गारवा विचारला. पेट घेतं का, हे एकदाही नाही. तुम्ही विचारलं होतं?