अॅम्प्लिफायर ऐकायला साळवे सरांना पुण्याला नेलं, त्याची गोष्ट

साळवे सर गेले तेव्हा मी पाच महिने त्यांच्याशी बोललो नव्हतो.

भांडण नव्हतं. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

संगमनेरात ज्यांना त्यांनी विज्ञान शिकवलं, त्यांना सर कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. हायस्कूलमध्ये आमचे सर, आणि तीस वर्षं चर्चच्या कॉयरचे, म्हणजे गाणाऱ्या मंडळाचे, मास्तर. पेटीची एक पट्टी उतरलेली असली तरी दारातून सांगायचे.

गाणं नीट ऐकायचा नाद मला त्यांनीच लावला.

दोन वर्षांपूर्वी मी मोठे स्पीकर घेतले. जुना अॅम्प्लिफायर त्यांना पुरेना. आवाज वाढवला की तबला फुगायचा, गाणारी बाई कुठेतरी मागे जायची.

सर घरी येऊन ऐकून गेले.

"बैल तगडा हाय रे, वैरण कमी पडतीय. आता वॅटच्या आकड्याला भुलू नको. आतला ट्रान्सफॉर्मर केवढा आहे ते बघ. दोन्ही हातांनी उचलून बघ."

महिनाभर आमचं हेच चाललं होतं. शेवटी दोन मॉडेल उरली. पुण्यातल्या एका शोरूममध्ये दोन्ही ऐकायला मिळणार होती.

"मी येतो," सर म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवीत कॉयरच्या रेकॉर्डिंगची सीडी घेऊन आले.

पहिला अॅम्प्लिफायर शांत, भरलेला. दुसऱ्यात सगळं जास्त उघडं, पण प्रत्येक 'स' कानात टाचणीसारखा.

"सर, हा टोचतोय ना?"

"कुठं टोचतोय? गोड आहे. हाच घे."

तीन वेळा लावून ऐकलं. तीन वेळा तेच.

मी वैतागलो. इतक्या हौसेची वस्तू, पुढची पंधरा वर्षं मला ऐकायची होती. वाद मिटवायला मी सेल्समनला म्हणालो, टेस्ट टोन लावा. बारीक शिट्टीसारखा, एकदम वरचा सूर.

त्याने लावला. मी तोंड वाकडं केलं. त्यानेही केलं.

सर डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले.

अर्धं मिनिट गेलं.

"लावा की," सर म्हणाले.

सेल्समन हसला.

आणि मीही हसलो.

"सर, चालू आहे."

त्यांनी डोळे उघडले. स्पीकरकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे. उठून सीडी पिशवीत ठेवली.

येताना आळेफाट्याला चहाला थांबलो. तिथे ते आपणहून बोलले.

"तीन वर्षं झाली. वरचे सूर येतच नाहीत. मंगललासुद्धा सांगितलं नाही." मंगल म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या मंगलमावशी.

"मग कॉयर कसा घेता?"

"गळ्याच्या शिरा बघून कळतं. तोंड किती उघडलंय त्यावरून कळतं. अजून दोन नाताळ निघतील." मग म्हणाले, "तू कुणाला बोलू नको."

"नाही सर."

चार दिवस गप्प राहिलो.

मग पहिला अॅम्प्लिफायर घरी आला. आमच्या ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुणीतरी विचारलं, कसा निवडला? मी सगळा किस्सा लिहिला. 'लावा की'सकट. सरांचं नाव टाकलं नाही, पण 'आमचे सर, चर्चचा कॉयर घेतात' एवढं लिहिलं. संगमनेरात तेवढं पुरतं.

खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मला बरं वाटलं, हेही खरं.

तो मेसेज फॉरवर्ड होत, माझं नाव गळून, कॉयरपर्यंत पोचला.

तीन आठवड्यांत चर्चमध्ये सरांचा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. 'सरांनी आता विश्रांती घ्यावी.' सर हात जोडून उभे होते. हे सगळं का चाललंय, ते मंगलमावशींना तिथे बसलेल्या बायकांकडून कळलं. नवऱ्याचे कान गेलेत, हे.

मी त्यांच्या घरी गेलो. मावशी बाजारात गेल्या होत्या. सर ओट्यावर वाटाणे सोलत बसलेले.

"सर, ते माझ्याकडून..."

"ठाऊक आहे. तू तरी खोटं कुठं लिहिलंस? पण ते सांगायचं माझं होतं, नितीन."



मग त्यांनी विचारलं, "कुठला घेतलास?"

"पहिला."

"बरं केलंस."

पुन्हा वाटाणे सोलायला लागले.

त्यानंतर मी गेलो नाही. आज जाऊ, रविवारी जाऊ, करत पाच महिने घालवले. मग एका सकाळी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. हार्ट अटॅक.

दफनविधी झाल्यावर मावशी मला म्हणाल्या, "ते कुणी पसरवलं, कळलंच न्हाई रे. मी लई विचारलं. ते म्हणायचे, जाऊ दे."

मी मान खाली घातली. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

सरांनंतर ज्या ताई कॉयर घ्यायला लागल्या, त्यांच्यावर लोकांनी संशय घेतला. जागा मिळावी म्हणून त्यांनीच केलं, म्हणाले. दोन कुटुंबं त्यांच्याशी अजून बोलत नाहीत. हे मला वर्षभर माहीत होतं.

आज सकाळी मावशींकडे जाऊन सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"मला तीन वर्षं न्हाई सांगितलं त्यांनी. तुला सांगितलं."

बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मीच उठलो.

ही पोस्ट चर्चमधल्या सगळ्यांनी वाचावी. त्या ताईंनी काहीही केलेलं नाही. ते मी लिहिलं होतं. मी, नितीन.

सर, प्रभू तुम्हाला विसावा देवो.

तुमच्या विद्यार्थ्याचा नमस्कार.