मातृभाषेचे पाच गुण

ऋषिराम अर्यालकडे पंच्याऐंशी गुण होते. सिडनीत रॉकडेल स्टेशनबाहेर उभं राहून कुणाही नेपाळी पोराला थांबवा, नाव तो मागाहून सांगेल, गुण आधी सांगेल. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळले की भटजी खूश होतात. इथल्या सरकारला पीआर द्यायला, म्हणजे कायम राहू द्यायला, त्या वर्षी ऋषिरामसारख्या हिशेबनिसांकडून नव्वद हवे होते.

पंच्याऐंशी जमवतानाच ऋषिरामच्या नाकी नऊ आले होते. वय तरुण म्हणून तीस. इंग्रजीच्या परीक्षेत इंग्रजांनाही पडणार नाहीत असे मार्क पाडले म्हणून वीस. इथेच हिशेबाची मास्टर्स डिग्री घेतली, वर कुठलातरी वर्षभराचा कोर्स केला, त्याचे आणखी पंचवीस. उरलेले दहा बायको नाही म्हणून. हसू नका, खरंच मिळतात. ब्रह्मचर्याची एवढी कदर आमच्या एकाही साधूच्या वाट्याला आलेली नाही.

घोडं पेंड खात होतं ते पाच गुणांवर. त्यात चौदा नोव्हेंबरला ऋषिरामला तेहतिसावं वर्ष पूर्ण होणार होतं आणि त्या दिवशी सरकारच्या लेखी तो एकदम म्हातारा होणार होता. तरुणपणाचे पाच गुण कापले की ऐंशी. ऐंशीवाल्याला अर्ज करायला कुणी बोलावत नाही. म्हणजे चौदा नोव्हेंबरच्या आत नव्वद झाले आणि बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर आठ वर्षांचा संसार दोन बॅगांत भरून नेपाळात, स्याङ्जाच्या डोंगरावर परत.

या आठ वर्षांत त्याने केलं काय, असं कुणी विचारलं तर सांगायला बरंच होतं. दोन वर्षं शिकला. पुढची दोन वर्षं पदवीधरांना मिळणारी मुदत खाल्ली. ती संपल्यावर देशात राहायला काहीतरी कारण हवं म्हणून पुन्हा विद्यार्थी झाला आणि एका नूडल्सच्या दुकानावरच्या कॉलेजात ‘नेतृत्वविकास’ शिकू लागला. वर्गात चाळीस नेते होते, मागे चालायला एकही नाही. पोटासाठी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचा, औषधं द्यायचा. घरी सांगितलं होतं, आरोग्य खात्याच्या ऑफिसात आहे.

त्याच्याच खोलीत राहणारा खेम गुरुङ हा गुणांचं चालतंबोलतं पंचांग होता. ऋषिरामला तो दाइ, म्हणजे दादा, म्हणे. एका रविवारी डाळभात कालवता कालवता तो म्हणाला, “दाइ, नेपाळीची परीक्षा दे. पाच गुण आहेत.”

“कसली नेपाळी?”

“आपली. एक इंग्रजी बोलणार, एक नेपाळी बोलणार. मधे तू बसायचं. ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला.”

ऋषिरामचा घास हातात राहिला. “नेपाळीचे पाच गुण? मला?”

“नाहीतर काय मला? मी नापास झालोय दोनदा,” खेम म्हणाला. “जन्मभर घरी गुरुङ बोललो, शाळेत इंग्रजी. मला कुठली यायला नेपाळी?”

ऋषिराम मात्र बाहुनाचं, म्हणजे नेपाळी ब्राह्मणाचं पोर, आजोबांच्या मांडीवर बसून पुराण ऐकलेलं. पण त्याचीही गंमत वेगळीच. पुतलीबजारच्या ज्या बोर्डिंग शाळेत बांनी, म्हणजे वडिलांनी, त्याला घातलं होतं, तिथे नेपाळी शब्द तोंडातून निघाला की गळ्यात पाटी अडकवत: ‘मी गाढव आहे, मी नेपाळी बोललो.’ ती पाटी पुढचा नेपाळी बोलणारा सापडेपर्यंत गळ्यात ठेवायची. दहा वर्षं पाटी चुकवत ज्याने भाषा गिळली, त्याला आता परदेशचं सरकार म्हणत होतं, ओक पाहू.

या परीक्षेचेही वर्ग होते. मोमोच्या एका दुकानाच्या माडीवर सानुमैया श्रेष्ठ शिकवत. भक्तपूरला तीस वर्षं नेपाळी शिकवून, निवृत्तीनंतर मुलाकडे येऊन त्यांनी हे दुकान मांडलं होतं. निम्मं रॉकडेल त्यांच्या हातून पीआर झालं होतं आणि सगळे त्यांना मिस म्हणत. त्यांच्याकडे बँकेत, रुग्णालयात, नगरपालिकेत आणि कोर्टात घडणाऱ्या सगळ्या संवादांच्या वह्या होत्या. हिशेब, हप्ता, विमा, गुडघेदुखी, सगळ्याला शुद्ध नेपाळी शब्द. ते शब्द नेपाळमधे कुणी बोलत नसे, पण परीक्षा काही नेपाळमधे नव्हती.

ऋषिराम पहिल्याच आठवड्यात वर्गात वर आला. जूनमधे परीक्षा झाली. घरातच, कॉम्प्युटरसमोर, कानाला यंत्र लावून. खेमला कुकर लावायला बंदी होती.

पहिला संवाद घराच्या भाड्याचा. तो ऋषिरामने एका दमात उडवला. दुसरा रुग्णालयातला होता. एक डॉक्टर आणि एक नेपाळी म्हातारी.

डॉक्टर इंग्रजीत म्हणाला, तपासणीचा निकाल वाईट आहे, रोग यकृतात पसरलाय, हा बरा होणार नाही. मग टिंग वाजलं. म्हणजे आता ऋषिरामने बोलायचं.

ऋषिराम बोलला. हात जोडल्यासारख्या आवाजात बोलला. “आमा, डॉक्टरसाहेब म्हणतात, निकाल आलाय. पोटात थोडं काहीतरी दिसतंय. औषधं आहेत, काळजी करू नका, वेळच्या वेळी जेवत जा.”

त्यावर म्हातारीने नेपाळीत विचारलं, “म्हणजे मी मरणार का? माझ्या धाकट्याचं लग्न बघायला मिळेल का?” टिंग. आणि ऋषिरामने डॉक्टरला अदबीने इंग्रजीत सांगितलं, की आजी आपले आभार मानताहेत.

कॉम्प्युटर बंद करून तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि मनात पक्कं समाधान होतं. एवढं चांगलं बोलणं त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दीड महिन्याने निकाल लागला. भाड्याच्या संवादात जवळजवळ पैकीच्या पैकी, म्हातारीच्या संवादात दाणकन नापास. एका अर्यालाने नेपाळीत नापास व्हावं, ही बातमी रॉकडेलमधे संध्याकाळपर्यंत सगळ्या किराणा दुकानांत पोचली. खेमने सांत्वन केलं. म्हणाला, “दाइ, निदान आता तू आमच्यातला झालास.”

सानुमैया मिसनी काय काय बोललास ते त्याच्याकडून शब्द न् शब्द वदवून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला.

“थोडं काहीतरी दिसतंय?” त्या म्हणाल्या. “यकृत कुठे गेलं?”

“मिस, तोंडावर कसं सांगणार? आमच्यात...”

“आमच्यात मला माहितीये काय असतं ते.”

त्यांनाच काय, सगळ्यांनाच माहिती असतं. ऋषिरामच्या आजोबांना पोटाचा कर्करोग झाला तेव्हा ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनाही ठाऊक होतं, पण सगळ्यांचं मन कशाला मोडा म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत ‘गॅस झालाय’ म्हणत राहिले. एवढ्या सभ्यपणे मरायला आठ पिढ्यांचं वळण लागतं. आणि परीक्षेच्या कागदावर त्या वळणाला नाव होतं: मजकूर गाळणे, मजकूर बदलणे.

“तू चांगला मुलगा आहेस,” मिस म्हणाल्या. “चांगल्या मुलांना इथे गुण नाहीत. तिथे तू कुणाचा मुलगा नाहीस, नातू नाहीस. नळ आहेस नळ. इकडून जे येईल ते तिकडून पडायला हवं. म्हण आता, रोग यकृतात पसरलाय.”

“रोग... जरा यकृताच्या बाजूला...”

“पसरलाय.”

“पसरलाय.”

“बरा होणार नाही.”

“मिस, मधे ‘बहुतेक’ टाकू का?”

मिसनी त्याला घरचा अभ्यास दिला. ‘तुमचा आजार बरा होणार नाही’ रोज पन्नास वेळा, मोठ्याने. ‘तुमचा मुलगा येणार नाही’ पन्नास वेळा. ‘तुमचा अर्ज नामंजूर झालाय’, ‘तुम्हाला घर सोडावं लागेल’, असं करत करत रोज दोनशे अशुभं. न्हाणीघरातून हा मंत्रपाठ ऐकू यायला लागल्यावर खेमने दारावर लिंबू-मिरची लटकवली. वृद्धाश्रमातही फरक पडला. आज छान दिसताय, असं ज्यांना ऋषिराम रोज सांगायचा, त्या नव्वदीच्या बाईंनी एकदा विचारलं, मी आज कशी दिसतेय? त्याने खरं सांगितलं. बाईंनी वरपर्यंत तक्रार केली.

पण नळ तयार झाला. ऑगस्टच्या शेवटी त्याने दुसऱ्यांदा परीक्षा दिली. यावेळी कोर्टात एका नेपाळी बापाला सांगायचं होतं, की पोरं आईकडे राहतील आणि त्याला महिन्यातून एकदा भेटता येईल. ऋषिरामने आवाज जराही न हलवता ते सांगितलं. मागच्यासारखे डोळे भरून आले नाहीत, तेव्हाच त्याने ओळखलं की आपण पास.

पास झाला. नव्वद झाले. नोव्हेंबरच्या तीन तारखेला, म्हातारपणाच्या अकरा दिवस आधी, सरकारचं बोलावणं आलं. मग अर्ज, पोलिसांचे दाखले, छातीचे फोटो, आणि पाच महिने वाट बघणं. एका मंगळवारी, दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत असताना फोनवर पत्र येऊन पडलं. कायम वास्तव्याची परवानगी. खेमने त्याला उचलून खोलीभर फिरवलं आणि स्वतःला अजून दहा कमी आहेत हे आठवून खाली ठेवलं.

ऋषिरामने घरी फोन लावला. आमाचा, म्हणजे आईचा, चेहरा पडद्यावर आला, नेहमीसारखा अर्धाच, कपाळ आणि छत. शेजारी बा बसलेले. दोन वर्षांपासून त्यांच्या कानांनी काम सोडलं होतं, म्हणून फोनवरचं सगळं आमा त्यांच्या कानाशी ओरडून सांगायची.

“आमा, झालं. पीआर झालं.”

“झालं?” आमाने पदर तोंडाला लावला. “मग आता कधी येतोस?”

यात तिची काही चूक नव्हती. गेली नऊ वर्षं तिने कधी येतोस विचारलं, की हा ‘पीआर झालं की येतो’ म्हणायचा. ऐकून ऐकून तिचं मत झालं होतं, की पीआर ही डिग्रीच्या वरची एखादी मोठी परीक्षा असावी, ती पास झाली की मुलं घरी येतात. तिचं हे मत ऋषिरामला ठाऊक होतं. दुरुस्त करायला त्याला सवड झाली नव्हती.

“आमा, पत्रात काय लिहिलंय ते सांगतो,” तो म्हणाला. दोनशे वाक्यांचा सराव होता, आवाज आपसूक सरळ झाला. “लिहिलंय, की मी आता कायम इथेच राहायचं. माझं काम इथे, घरही इथेच होणार. सुट्टीला येईन, महिनाभर राहीन, आणि परत जाईन. राहायला येणार नाही.”

काही गाळलं नाही, काही घातलं नाही. ‘बहुतेक’सुद्धा नाही. पैकीच्या पैकी.

पडद्यावर कपाळ हललं नाही. मागून बांनी विचारलं, “काय म्हणतोय?”

आमा त्यांच्या कानाशी वळली. “म्हणतोय, काम फत्ते झालं,” ती ओरडली. “आता घरी येतो म्हणतोय.”

“कायमचा ना?”

“कायमचा.”

बा, ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसे, मोठ्याने म्हणाले, “मग वरच्या खोलीचा पत्रा बदलून घेतो. पावसाच्या आधी. त्याला सांग, तिथला माल काही आणू नकोस म्हणावं, इथे सगळं आहे.”

सिडनीत ऋषिरामला शब्द न् शब्द ऐकू आला. आमा फोनकडे वळली. आता तिचा पूर्ण चेहरा दिसत होता.

“बा म्हणतात, फार आनंद झाला,” ती म्हणाली. “तिथेच सुखाने राहा म्हणतात. आमची काळजी करू नकोस, वेळच्या वेळी जेवत जा.”

खेम दारात उभा राहून हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवत होता. पाळीला उशीर होत होता. ऋषिरामने मान हलवली आणि फोन जवळ धरला.

“बांना माझा नमस्कार सांग,” तो म्हणाला.

आमा वळली, आणि तेवढं तिने जसंच्या तसं सांगितलं.