पलीकडचं टेबल

पक्ष सोडला तेव्हा मला वाटलं होतं, फार तर चार लोक तोंडावर टोमणे मारतील. पुण्यात राहायचं म्हणजे तेवढी सवय असतेच. प्रत्यक्षात कुणी काही बोललंच नाही, आणि तेच जड गेलं.

कोथरूडच्या आमच्या प्रभागात मी सव्वीस वर्षं सतरंज्या उचलल्या. महापालिकेचं तिकीट कधी मागितलं नव्हतं, यंदा मागितलं. ते मिळालं आठवड्यापूर्वीच दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका गृहस्थांना. माझं डोकं फिरलं, आणि त्या गृहस्थांनी जे केलं तेच मीही केलं. पक्षप्रवेशाला आम्ही चाळीसेक जण रांगेत उभे होतो. नेत्यांनी माझ्या गळ्यात उपरणं घातलं, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि पुढच्याकडे वळले. माझं नावही कुणी विचारलं नाही.

हे सगळं आधी एकाला सांगायला हवं होतं. तो माझा बूथवरचा जोडीदार, शाळेतून निवृत्त झालेला क्लार्क. प्रत्येक निवडणुकीत केंद्राबाहेरच्या टेबलावर आम्ही दोघं असायचो. तो यादीवर पट्टी धरून नाव शोधायचा आणि मी चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचो. तो समजूत घालेल आणि माझा पाय निघणार नाही, या भीतीनं मी त्याला कळूच दिलं नाही. त्याला कळलं ते व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून. मग त्याचा फोन आला नाही आणि मला करायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी आम्ही बरोबर फिरायला जायचो; तो भेटू नये म्हणून मी दुसऱ्या रस्त्यानं एकटाच फिरू लागलो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी निघालो आणि पाय सवयीनं जुन्याच टेबलाकडे वळले. खुर्ची ओढून बसलो, पेनाचं टोपण काढलं. एक आजी आल्या, त्यांनी नाव सांगितलं. शेजारून ओळखीच्या आवाजात नंबर आला, मी लिहिला. मग दुसरे आले, तिसरे आले. चिठ्ठीवर पक्षाचं चिन्ह नसतंच, त्यामुळे माझ्या लक्षातही आलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मान वर केली तेव्हा मागचा बॅनर दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मी चुकून इथं..."

"दिसलं मला," यादीवरून नजर न काढता तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, बसलाय तर बसू दे थोडा वेळ."

"पक्ष सोडला म्हणून चिडलायस ना माझ्यावर?"

त्यानं पट्टी खाली ठेवली. "पक्षाचं काय घेऊन बसलास? इतकी वर्षं मला तरी कुणी विचारलं? तू एकदा विचारायचंस. मीही आलो असतो."

मी पेनाला टोपण लावलं. उठलो, रस्ता ओलांडला आणि आमच्या नव्या टेबलाशी जाऊन बसलो. तिथं सगळे मोबाइलवर नावं शोधत होते, माझ्याजोगं काही काम नव्हतं. मतदान संपेपर्यंत मी समोर त्याच्याकडे बघत बसलो.