वायरमावशींनी बदललेली वाट

विद्यापीठाच्या संगणक विभागात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच एक लांबट खोली आहे. तिथे नेटवर्कवर संशोधन चालतं, आणि तिथल्या वायरी गेली तेवीस वर्षं एकाच बाईंच्या हाताखाली आहेत. कागदोपत्री त्या तंत्रज्ञ. पण विभागप्रमुख मॅडमपासून झाडलोट करणाऱ्या काकांपर्यंत सगळे त्यांना वायरमावशी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं, कुणालाच आठवत नाही. मावशींना विचारलं तर म्हणतात, "चिकटलं खरं. आता काढायला गेलात तर डाग राहील."

त्यांचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यांचा एकच हेका असे: तार जोडली की एकदा ओढून बघायची. हाताला सुटली नाही तरच जोडली म्हणायचं. मावशींनी पुढे डिप्लोमा केला, तारांच्या जागी केबल आल्या, पण ओढून बघायची सवय गेली नाही. उलट ती वायरींवरून माणसांच्या कामापर्यंत पोचली. कुणी "झाला माझा प्रोग्रॅम" म्हटलं की या खुर्ची सरकवून बसणारच. वयाच्या रकान्यात तीनशे लिहायच्या, नावाच्या जागी नुसते स्वल्पविराम, आणि एकदा दाबायचं बटण सतरा वेळा दाबायच्या. प्रोग्रॅम आडवा झाला की "अरेरे!" म्हणायच्या, पण चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नसायचा.

त्या खोलीत चार वर्षांपूर्वी एक संशोधक आला. पस्तिशीचा, आधी सात वर्षं शाळेत गणित शिकवलेला, म्हणून सगळे त्याला पंतोजी म्हणू लागले. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. नोकरी सोडून पीएचडीला बसलेला. म्हणजे एका पायावर तोल सांभाळत उभा असलेला माणूस.

पंतोजीचं काम असं होतं. एका हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये कुणी चोरून शिरलं, रुग्णांची माहिती उचलू लागलं, तर ते आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर बनवायचं. हॉस्पिटलने आपल्या नेटवर्कवरच्या रोजच्या रहदारीची नोंद दिली होती, त्यातली रुग्णांची नावंगावं आधी पुसून. ही झाली साव माणसांची रहदारी. आता चोरांची कुठून आणायची? खरे चोर काही अर्ज करून येत नाहीत. म्हणून पंतोजीने खोलीतल्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरून खोटे हल्ले सोडले, त्यांची नोंद घेतली, आणि दोन्ही नोंदी सॉफ्टवेअरला दाखवून शिकवलं: हा साव, हा चोर. सॉफ्टवेअर भराभर शिकलं. शंभरातले नव्याण्णव चोर ओळखू लागलं. मॅडम खूश झाल्या. खोलीतल्या मशीनच्या रहदारीवर लक्ष ठेवणारा एक पडदा भिंतीवर लावला; सगळं ठीक असेल तर हिरवा, चोर दिसला की लाल. परिषदेला निबंध पाठवायला आठ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, मावशी कोपऱ्यातल्या त्या जुन्या मशीनवर बसल्या. कारण अगदी घरगुती होतं. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, कानाने मंद पण वाचनाला खमक्या. आठवड्याला दोन रहस्यकथांचा फडशा पाडणाऱ्या. वाचनालयाच्या पुस्तकाची मुदत वाढवायची होती. मावशींनी पुस्तकाचा क्रमांक टाकला, बटण दाबलं, आणि भिंतीवरचा पडदा लालभडक झाला.

"पंतोजी, सासूबाईंना चोर म्हणतंय तुमचं यंत्र," मावशी म्हणाल्या.

पंतोजी हसला. "शंभरात एखादं चुकतं, मावशी. नव्याण्णव म्हटलंय मी, शंभर नाही."

मावशींनी पुन्हा बटण दाबलं. लाल. हवामान बघितलं. लाल. विभागाचंच वेळापत्रक उघडलं. लाल. दहा वेळा केलं, दहाही वेळा लाल. पंतोजीचं हसू हळूहळू उतरलं.

मावशी थोडा वेळ त्या मशीनच्या पाठीमागे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण ती वायर त्यांनीच टाकली होती. जागा अडचणीची म्हणून त्यांनी ते मशीन इमारतीच्या नेटवर्कला न जोडता थेट पंतोजीच्या नोंद घेणाऱ्या मशीनलाच जोडलं होतं; बाहेर जायचं तेही त्यातूनच. नेटवर्कवरून माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते, आणि प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतल्या प्रत्येक चौकात, म्हणजे राउटरवर, तो एकाने कमी होतो, म्हणजे वाट चुकलेलं पाकीट जन्मभर भटकत राहत नाही. हॉस्पिटलची पाकिटं चार-पाच चौक ओलांडून आलेली. त्यांचा आकडा उतरलेला. कोपऱ्यातल्या मशीनच्या पाकिटांना एकही चौक लागत नव्हता; त्यांचा आकडा जसाच्या तसा.

"पंतोजी," मावशी सावकाश म्हणाल्या, "हे चोर ओळखत नाही. हे तो कोपरा ओळखतंय."

उत्तराची वाट न बघता त्या खाली वाकल्या, थेट वायर काढली आणि त्या मशीनला लांबची वायर लावली. इमारतीच्या चौकांमधून फिरून येणारी. "सोडा आता हल्ला."

पंतोजीने सोडला. पडदा हिरवा. दुसरा सोडला, जरा दांडगा. हिरवागार. वाट बदलली आणि चोराचा साव झाला होता.

पंतोजी खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "मावशी, आठ दिवस थांबाल? निबंध जाऊ दे. नंतर सुधारतो ना मी. कुणाला कळणार आहे?"

मावशींना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. पंतोजीची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून केबलच्या तुकड्यांशी खेळली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आज मी काही बोलत नाही. तुम्ही घरी जाऊन जेवा."

त्यांच्या घराखालीच नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान आहे. संध्याकाळी त्या तिथल्या बाकावर टेकल्या आणि सगळं सांगितलं. नवरा बाही उसवत होता. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मॅडमला सांगणार आहेस?"

"त्याच्या डोक्यावरून जाऊन सांगितलं तर तो मोडेल हो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर हॉस्पिटलवाले त्या हिरव्या पडद्यावर विसंबून राहतील."

"मग मॅडमला नको सांगूस. त्यालाच सांगायला लाव. चूक ज्याची त्याने उसवली की टाके नीट पडतात. दुसऱ्याने उसवली की कापड फाटतं."

"मोठे आलात पंडित," मावशी म्हणाल्या, पण उठताना त्यांचा जीव हलका झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा तासभर लवकर गेल्या. पंतोजी त्यांच्याही आधी आला होता. डोळे सुजलेले, पण दाढी केलेली. मावशींनी थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला.

"काल माझं तुम्हाला एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "ती थेट वायर मी टाकली. जागा नव्हती, आळस केला. आणि तुम्हाला सांगितलंही नाही. चूक अर्धी माझी आहे. मॅडमकडे जायचं असेल तर दोघं जाऊ."

पंतोजीने पेला खाली ठेवला. "मी रात्रभर तेच घोकत होतो, की कसं सांगू. तुमच्या वाटणीला काही नको, मावशी. पण बरोबर या."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा प्रयोग करून बघितला. एकदा लाल, एकदा हिरवा. मग त्यांनी निबंध मागे ठेवायचा ठरवलं. चिडल्या नाहीत असं नाही. "चार महिने हा पडदा मी पाहुण्यांना दाखवतेय!" असं तीनदा म्हणाल्या. पण तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनाच हसू फुटलं.

पुढचे पाच महिने मावशींच्या आयुष्यातले सगळ्यात धावपळीचे, आणि त्यांच्या मते सगळ्यात मजेचे. हल्ले आता एका कोपऱ्यातून नाही, तर चौदा वेगवेगळ्या मशीनवरून, वेगवेगळ्या वाटांनी सोडायचे होते. साव रहदारीही त्याच मशीनवरून जायला हवी होती, म्हणजे सॉफ्टवेअरला जागा ओळखून चालणार नाही. मावशींनी ग्रंथालयापासून व्यायामशाळेपर्यंत वायरी ओढल्या. मोठ्या कागदावर नकाशा काढला, आणि दर सोमवारी त्या पंतोजीला न सांगता दोन वाटांची अदलाबदल करायच्या. "मला आधी कळलं तर मीच यंत्राला फितूर होईन," असं पंतोजीच म्हणाला होता.

नव्या मोजणीचा पहिला आकडा आला: एकसष्ट. पंतोजीने दोन दिवस मशीन उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागला. हळूहळू आकडा चढला, आणि शेवटी सत्त्याऐंशीवर येऊन थांबला. कितीही ओढून बघितलं तरी तो सत्त्याऐंशीच राहिला.

हॉस्पिटलमध्ये नेटवर्क सांभाळणारे एक अबोल गृहस्थ होते. त्यांच्यासमोर पंतोजीने सगळं मांडलं, आधीची चूकही. ते म्हणाले, "शंभरातले तेरा सुटतात, हे तुम्ही आधीच सांगताय. म्हणजे त्या तेरांसाठी माणूस बसवायला हवा, हे मला कळलं. नव्याण्णव म्हणाला असतात तर मी निर्धास्त झोपलो असतो." आणि त्यांनी सॉफ्टवेअर लावून घेतलं.

निबंध वर्षभराने छापून आला. त्यात चूक कशी झाली आणि कशी सापडली यावर पंतोजीने आख्खं प्रकरण लिहिलं होतं, आणि लोक सगळ्यात जास्त तेच वाचतात असं मॅडम सांगतात. लेखकांच्या नावांत तिसरं नाव मावशींचं होतं. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. "मी काय केलं? इथली काढली, तिथे लावली."

"तेच कुणी केलं नव्हतं, मावशी," पंतोजी म्हणाला.

घरी त्यांनी तो कागद सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी सुनेच्या नावावरून बोट फिरवलं. मग मोठ्याने विचारलं, "बाकी काय लिहिलंय यात?"

"आमची चूक कशी सापडली ते!" मावशींनी कानाशी ओरडून सांगितलं.

"चूक छापतात?"

"हो!"

"मग चोर शेवटी कोण निघाला?"

नवरा खालून हसत वर आला, तरी सासूबाईंना उत्तर हवंच होतं. मावशींनी त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

आता दर गुरुवारी दुपारी त्या खोलीत 'मोडतोडीचा तास' असतो. ज्याचं काम झालं असेल त्याने ते टेबलावर मांडायचं, आणि बाकीच्यांनी ते मोडायचं. मोडलं म्हणून कुणी रुसायचं नाही, एवढाच नियम. मागच्या महिन्यात मावशींनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. कुठली केबल बंद पडली ते सांगणारा, चाळीस ओळींचा. त्यांनी तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

पंतोजीने चार मिनिटांत तो आडवा केला.

"अरेरे!" सगळी खोली एका सुरात ओरडली. मावशी पोट धरून हसल्या, डोळे पुसले, आणि पंतोजीला बाजूला सरकवून खुर्चीवर बसल्या. "सरका. कुठली ओळ तेवढं सांगा, बाकीचं माझं मी बघते."