धुरपताबाई आणि किलोचं वजन

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत धुरपताबाई परिचर आहेत, आणि माणसावर विश्वास ठेवायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. येरमाळ्याच्या थांब्यावर एसटी उभी असते, पाटी वाचता येते, तरी कंडक्टरला विचारणार, "कळंबलाच जाती ना?" तो हो म्हणाला की आतल्या प्रवाशालाही विचारणार. तास संपला की परीक्षानळ्या दोन-दोनच्या जोडीनं मोजतात, त्यांचे यजमान सिदू मेंढरं मोजतात तशा. तोवर पोरं दारात अडकलेली. मी ओरडतो, "अहो बाई, सोडा त्यांना, गणिताचा तास आहे!" तर म्हणतात, "एक नळी कमी भरतीया सर. हितंच चाललंय गणित." सव्वीस वर्षांत त्यांच्या ताब्यातलं काही फुटलं नाही की हरवलं नाही, हे मान्य. पण असल्या माणसाबरोबर रोज काम करून बघा म्हणजे कळेल.

यंदा शाळेला बल मोजायचा बिनतारी सेन्सर मिळाला. मुठीएवढी डबी, तिला एक हुक. हुकाला ओढ लागली की किती न्यूटन ते मोबाईलवर दिसतं. बाईंचा पहिल्या दिवसापासून त्याच्यावर संशय. "वायर न्हाय, मग आकडा जातो कुठनं?"

"हवेतून जातो बाई. ब्लूटूथ."

"जाताना कुणी बघितलाय व्हय?"

सोमवारी दुपारी मी तो जुळवायला बसलो. म्हणजे आधी काही न टांगता शून्य करायचं, मग माहितीतलं एक वजन टांगून मोबाईलला सांगायचं, बाबा, हे इतकं आहे. पुढचं सगळं तो त्यावरूनच ठरवतो. मी सेन्सर टेबलावर आडवा ठेवून शून्य केलं, तर बाई मागून म्हणाल्या, "टांगून वापरणार ना? मग टांगूनच शून्य करा. वजनाची पिशवी बी रिकामी अडकवा. आमी लोकर विकताना रिकामा काटा आधी बघताव." टांगून बघितलं तर खरंच आकडा थोडा हलला होता. मला रागच आला, पण परत शून्य केलं.

शाळेतल्या पेटीत अर्ध्या किलोपर्यंतचीच वजनं. म्हणून मी घरून किलोचं लोखंडी वजन आणलं होतं, आमच्या नानांच्या किराणा दुकानातलं. नाना म्हणजे माझे वडील, ज्ञानोबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, दुकानही बंद झालं, पण आजही गावात नाव निघतं, माल घ्यावा तर ज्ञानोबांकडून. बाईंनी हात पुढं केला, "बघू की." मी म्हणालो, "वडिलांचं आहे ते," आणि वजन पिशवीत घालून टांगलं. मोबाईलमध्ये किलोची ओढ म्हणून नऊ पूर्णांक आठ न्यूटन भरलं. काम झालं. सेन्सर आणि वजन दोन्ही कपाटात गेलं. कपाटाची चावी बाईंच्या कमरेला असते.

मंगळवारी नववीच्या वर्गात पेटीतलं अर्ध्या किलोचं वजन टांगलं. चार पूर्णांक नऊ यायला हवं होतं, आलं पाच पूर्णांक दोन. परत टांगलं, परत तेच. पहिल्या बाकावरची निकिता म्हणाली, "सर, पुस्तक चुकलंय का मोबाईल?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल नीट जुळवलेला सेन्सर एका रात्रीत बिघडतो कसा? पाडल्याशिवाय नाही! वर्ग सुटल्यावर बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "म्या सकाळी बाहेर काढून पुसलं, बस." झालं. मला आणखी काय पाहिजे होतं?

मी मुख्याध्यापकांकडं, शंभुलिंग सरांकडं, लेखी तक्रार दिली. त्यांनी एक कागद तयार केला, 'सेन्सर माझ्या हातून पडून बिघडला,' आणि बाईंपुढं ठेवला. बाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर. ती नोंद सेवापुस्तकात चढणार होती.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "सव्वीस वर्सं एक नळी फुटू दिली न्हाय म्या, आन् जाताना हे लिहून देऊ? मरंन, पर सही करणार न्हाय." मग म्हणाल्या, "उद्या तुमी दोघं बी या. माझ्यासमोर परत मोजा."

बुधवारी सकाळी आम्ही तिघं प्रयोगशाळेत. बाईंनी सेन्सरला हातच लावला नाही. भिंतीवरचा जुना ताणकाटा काढला, रिकामा काटा शून्यावर असल्याचं आम्हा दोघांकडून वदवून घेतलं, मग पेटीतलं अर्धा किलो टांगलं. चार पूर्णांक नऊ. "हे बराबर?"

"बरोबर."

मग नानांचं वजन टांगलं. काटा नऊ पूर्णांक दोनवर थांबला.

"जुना काटा आहे, वर गेला की चुकत असेल," मी म्हणालो. बाईंनी वजन उतरवून उलटं केलं. लोखंडी वजनाला बुडाशी एक भोक असतं. वजन नेमकं भरावं म्हणून त्यात शिसं ओततात, आणि वजनमापं तपासणारे साहेब त्या शिशावर शिक्का मारतात. इथं शिक्का नव्हता. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढून टोकरलं, तर काळं मेण निघालं. शिसं काढून कुणीतरी काजळी कालवलेलं मेण भरलं होतं. हलक्या वजनाला मी पूर्ण किलो म्हणालो होतो, म्हणून बिचारा सेन्सर प्रत्येक गोष्ट जास्त दाखवत होता.

"सेन्सर बिघडलं न्हाय. वजनात काटा मारलाय," बाई म्हणाल्या.

मी भडकलो. "कुणी मारलाय? दोन रात्री वजन तुमच्या कपाटात होतं. चावी तुमच्याकडं. अंगावर आलं म्हणून तुम्हीच मेण भरलंत!"

शंभुलिंग सर चष्मा पुसत म्हणाले, "हे आता पाडण्यापेक्षा वाईट झालं बाई." बाई स्टुलावर बसल्या.

मी वजन उचललं, मोटारसायकल काढली आणि तडक घरी गेलो. नानांच्या नावाला कुणी बोट लावतं म्हणजे काय! माझी आई, द्वारकाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी वजन तिच्यापुढं आपटलं. "येडाईची आण घेऊन सांग, नानांनी कधी काटा मारला का?"

आईनं वजन उचललं, उलटं केलं आणि सहज म्हणाली, "आरं, हे कशाला नेलंस? हे द्यायचं वजन. घ्यायचं आत कोठीत हाय, तुला मोजायलाच पायजे होतं तर ते न्यायचं."

शेंगा फोडायची ती थांबलीसुद्धा नाही. मी उंबऱ्यावर बसलो. गिऱ्हाइकाला द्यायचं वजन वेगळं, शेतकऱ्याकडून घ्यायचं वेगळं. ह्याच दोन वजनांवर मी बी. एस्सी. झालो. मला इतकी लाज वाटली की आईकडं मान वर करून बघवेना.

शाळेत परतलो तर बाई अजून स्टुलावरच. आई जे बोलली ते मी दोघांना सांगितलं. शंभुलिंग सर हळूच म्हणाले, "सेन्सर कंपनीतूनच खराब आला असं लिहू या का? कुणालाच त्रास नको."

"मला हाय त्रास," बाई म्हणाल्या. "उद्या कंपनी म्हणंल सेन्सर चांगलं हाय. मग चावी कुणाकडं होती, हेच इचारतेल."

मी तक्रार फाडली आणि नवा कागद घेतला. लिहिलं, 'वजन खोटे होते.' बाई खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, "कुणाचं?"

मी लिहिलं, 'ते माझ्या वडिलांच्या दुकानातील होते. मेण आधीपासून होते. श्रीमती धुरपताबाई यांचा काहीही दोष नाही.' सही केली, तारीख घातली, कागद शंभुलिंग सरांकडं दिला.

"बाई, चुकलो मी," मी हात जोडले. "माफ करा."

"ते तोंडी झालं सर," बाई म्हणाल्या. "झेरॉक्स द्या."

कशाला खोटं बोलू, दोन महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या की तो कागद फाइलमधून काढून टाकावा, असं सही करतानाच माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी कागद घेऊन उठलो आणि हायवेवरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून बघितली, आणि अस्सल स्वतःकडं ठेवून झेरॉक्स शंभुलिंग सरांना दिली.